मामाने संमती विचारली

२० फेब्रुवारी, शुक्रवार. पहाटे गारठा, दहानंतर चटके देणारं ऊन. वारा इतका कमी की मांडवाच्या झालरीही हलत नव्हत्या.

एका गावात एक भोळा मामा होता. गाव खैरदरी. भोळ्याचं नाव रंगनाथ, म्हणजे मीच. दुसऱ्या कुणाची गोष्ट लिहायची तर त्याची परवानगी काढावी लागली असती.

माझी थोरली बहीण इंदूअक्का वधूवर सूचक केंद्र चालवते. तालुक्यातल्या निम्म्या घरांत तिने जमवलेले संसार आहेत. फक्त तिच्याच मुलीचं, वैजयंतीचं, जमत नव्हतं. वैजू बत्तिशीला टेकली होती. बायका हळदीकुंकवाला अक्कासमोरच म्हणायच्या, "दिव्याखाली अंधार गं बाई." अक्का तिथे हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

मी निवृत्त झाल्यावर अक्काने मला केंद्रात बसवलं. म्हणाली, "स्थळांची माहिती ग्रुपवर टाकत जा. व्यवस्थित टाक."

मी व्यवस्थित टाकली. फोन नंबर टाकले, पगार टाकले. केंद्राच्या वह्यांच्या समासात अक्काने पेन्सिलीने जे लिहिलं होतं तेही टाकलं. ‘मुलगा घोरतो.’ ‘आई खाष्ट.’ ‘टक्कल आहे, फोटो जुना.’

तासाभरात तीन खाष्ट आया दारात आल्या.

त्या गेल्यावर अक्का डोकं धरून बसली. "रंगा, आता कायदा आलाय. आपल्या वकीलबाईंनी परवाच महिला मंडळात सांगितलं. माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय कुणालाही द्यायची नाही."

"कुणालाही?"

"कुणालाही!"

"बरं, अक्का."

सांगितलेलं विसरायचं नाही, हा माझ्यात एकच गुण आहे. सगळं बिघडतं ते त्याच्यामुळे.

पुढच्या रविवारी मी चौकात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. एक गाडी थांबली. काच खाली झाली.

"अहो काका, केंद्रवाल्या इंदूबाईंचं घर कुठे आलं?"

"सांगता येणार नाही."

"माहीत नाही का?"

"माहीत आहे. त्यांची संमती नाही."

"तुम्ही कोण?"

"तेही नाही सांगता येणार."

गाडीतल्या बाई म्हणाल्या, "अहो, वेडा आहे तो. पुढे चला."

ती माणसं म्हणजे बारसवाडीचे निवृत्तीराव भोगले, त्यांची बायको आणि मुलगा शार्दूल. वैजूला बघायला आले होते. गावभर फिरून ते भलत्याच घरात शिरले, तिथल्या मुलीला बघितलं, तिथे पोहे खाल्ले. ती मुलगी नववीत होती. आमच्याकडे पोचले तेव्हा त्यांचं पोट भरलेलं होतं आणि डोकं फिरलेलं.

अक्काने मला स्वयंपाकघरात ओढलं. "अरे, अजिबात सांगायचं नाही असं नव्हे! ज्याला जेवढी गरज तेवढी माहिती द्यायची. कामापुरती. कळलं?"

"बरं, अक्का."

बाहेर येऊन मी सतरंजीवर बसलो. निवृत्तीरावांनी मला ओळखलं, पण मोठ्या मनाने विचारलं, "मुलगी काय करते?"

"काम करते."

"कुठे?"

"ऑफिसात."

"शिक्षण?"

"झालंय."

"अहो, कशात झालंय?"

"कॉलेजात."

निवृत्तीराव बायकोकडे बघत म्हणाले, "निदान मुलीचं नाव तरी सांगा."

मी विचार केला. बघायला आलेल्या माणसाला डोळे पुरतात. "वै वरून आहे," मी म्हणालो.

आतून पातेलं पडल्याचा आवाज आला. पण अक्काची पुण्याई दांडगी. शार्दूल पस्तिशीला आला होता, त्यामुळे घाई तिकडेही होती. अक्काने वैजूला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तू म्हणतेस तर हो." बारसवाडीहून निरोप आला, बाबा म्हणतात तर शार्दूलचंही हो आहे. साखरपुडा झाला. अक्काने गावभर पेढे वाटले. दिव्याखाली अंधार म्हणणाऱ्या घरांना दोनदोन दिले.

पत्रिकेचं काम मागून घेतलं मी. अक्का नाहीच म्हणत होती. मग म्हणाली, "बाबा रे, या वेळी नीट. नावगाव लपवायचं नसतं. पण छापील कागद शंभर हातांतून जातो. तेव्हा फोन नंबरबिंबर असेल तर शेवटची अक्षरं ठेवायची, बाकीच्यावर फुल्या. बँक करते ना, तसं."

"बरं, अक्का." बँक नंबरावर फुल्या मारते हे मला माहीत होतं. पण अक्का ‘बिंबर’ही म्हणाली होती. ‘बिंबर’मध्ये काय काय येतं यावर मी रात्रभर विचार केला. शेवटची अक्षरं ठेवली की नाव लपवलं असं होत नाही, हेही ठरलं.

छापखान्यात मशाळकर मजकूर वाचायला लागले आणि त्यांनी चष्मा पुसला.

"रंगनाथराव, ‘चि. सौ. कां. ××यंती’ म्हणजे?"

"आमची वैजू."

"आणि ‘चि. ××दूल’?"

"जावईबापू."

"लग्न ‘×××× कार्यालय’ इथे?"

"बरोबर."

"आणि वर हे ‘श्री ××श प्रसन्न’? अहो, देवाला तरी सोडा!"

"देव असला तरी नाव त्याचंच आहे, मशाळकर. छापा."

त्यांनी छापल्या. पत्रिका वाटून झाल्यावर लोकांचे फोन यायला लागले. कुणी विचारी, लग्न कुणाचं आहे. कुणी विचारी, कुठे यायचं. बारसवाडीहून निवृत्तीरावांचा फोन आला. त्यांनी अक्काला एवढंच विचारलं, "बाई, तुमच्या भावाला आमच्या मुलाचं नाव घ्यायची लाज वाटते का?"

अक्का त्या दिवशी रडली. भांडीसुद्धा आपटली नाहीत. पदराने डोळे पुसत म्हणाली, "अरे, इतकी शंका होती तर विचारायचं. ज्याचं नाव त्याला विचारायचं. हो म्हणाला की सरळ छापायचं. विचारायला काय जीभ झडते?"

"बरं, अक्का."

नव्या पत्रिकेसाठी मी घरोघर गेलो. प्रत्येकाला विचारलं. सगळे हो म्हणाले. वैजूची गोदाआत्याही हो म्हणाली, चहाही पाजला. पत्रिका छापून आली तेव्हा तिने पाहिलं, आपलं नाव धाकट्या जावेच्या खाली आहे.

"माझं नाव काढा," आत्या म्हणाली.

"आता नाही निघणार. तुम्ही हो म्हणालात."

"तेव्हा म्हणाले. आता नाही म्हणते."

"एकदा हो म्हणजे हो, आत्या."

"मग मी लग्नालाच येत नाही!"

सख्खी आत्या लग्नाला नाही म्हटल्यावर लोक काय बोलतात ते अक्काला ठाऊक होतं. ती मला घेऊन थेट वकीलबाईंकडे गेली. वकीलबाईंनी सगळं ऐकलं. मधेच दोनदा त्या पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेल्या आणि आतून हसण्याचा आवाज आला.

मग बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाल्या, "रंगनाथराव, दिलेली संमती माणसाला परत घेता येते. जितक्या सहज दिली तितक्याच सहज. कारणही सांगावं लागत नाही. आणि हे त्याला तुम्ही आपणहून सांगायचं असतं. वेळेत सांगायचं. काम उरकल्यावर सांगून काय उपयोग?"

"प्रत्येकाला सांगायचं?"

"ज्याने ज्याने संमती दिली, त्याला."

"बरं, बाई."

मी आत्याकडे गेलो. हे सगळं सांगितलं. नाव काढून देतो म्हटलं. आत्या विरघळली. म्हणाली, "विचारलंस यात आलं सगळं. राहू दे नाव." अक्काने पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. "शिकलास रे बाबा," म्हणाली.

आज लग्न. मांडव भरला होता. दिव्याखाली अंधार म्हणणाऱ्या सगळ्या बायका पुढच्या रांगेत होत्या आणि अक्का त्यांच्यासमोरून मुद्दाम दोनदा गेली. मामा म्हणून मी वैजूला धरून पाटाशी आणलं आणि तिच्या मागे उभा राहिलो. मधे अंतरपाट. पलीकडे शार्दूल, त्याच्यामागे त्याचा मामा. मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता पडत होत्या.

शेवटच्या मंगलाष्टकाला गुरुजींनी श्वास घेतला आणि माझ्या लक्षात आलं. नाव छापायची संमती घेतलेल्या सगळ्यांना मी सांगून आलो होतो. पण सगळ्यात मोठी संमती या दोघांनी लग्नाला दिलेली, आणि तीही परत घेता येते हे यांना कुणीच सांगितलं नव्हतं. आता काम उरकणार होतं.

"गुरुजी, एक मिनिट," मी म्हणालो आणि माईक ओढून घेतला.

"वैजू, शार्दूलराव, तुम्हा दोघांना कळवतो. तुम्ही दिलेली संमती तुम्हाला कधीही परत घेता येते."

अक्का लांबून हात हलवत होती. शाबासकी देते आहे असं मला वाटलं.

वैजूने मान वळवली. "मामा, कारण सांगावं लागतं?"

"अजिबात नाही."

"नक्की?"

"वकीलबाईंनी सांगितलंय."

"मग मी परत घेते."

अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला, "मीपण."

मुहूर्त बारा सदतीसचा होता. वधूने संमती बारा पस्तीसला परत घेतली, वराने बारा छत्तीसला. गुरुजींनी अंतरपाटाची घडी करून तो पिशवीत ठेवला. पंगत एक वाजता बसली.