कुंदाकडे उरलेली

"पण टिकेल ना ती, आई?"

प्रल्हादने तिसऱ्यांदा विचारलं. सुभद्राआई मठाच्या ओसरीवर मेथी निवडत होत्या.

भर पुरात उडी घालणारा हा गडी. धाकट्या बहिणीची, कुंदाची, किडनी बसवून दोन वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणत, सगळं उत्तम आहे. पण अंग जरा कोमट लागलं की हा थर्मामीटर लावून बसे. शरीराने ती परकी म्हणून झिडकारली तर? नातू शिंकला की हा दुसऱ्या खोलीत. नदीकडे तर पाठच फिरवलेली.

"गोळ्या घेतोस?"

"घड्याळ लावून."

"तपासणी?"

"एक चुकवली नाही. पण झोप नाही, आई... इतकी वर्षं तुमच्या पायाशी बसलो. देह नाशवंत, हे लोकांना मी समजावून सांगायचो!"

"तेव्हा तुझा देह धडधाकट होता."

प्रल्हादची मान खाली गेली.

"कुंदाकडे आता किती?" आईंनी विचारलं.

"किती काय?"

"किडन्या."

"एक."

"ती टिकेल ना?"

प्रल्हाद बघतच राहिला.

"ते... कधी विचारलं नाही."

"आत भाकऱ्या थापते आहे. विचार."

तो उठला. चुलीपाशी जाऊन उभा राहिला.

"कुंदे... तुला भीती वाटते का गं? एकीवर?"

थापणारा हात थांबला.

"मला कसली भीती?" ती हसली. मग तव्याकडे बघत राहिली. भाकरी करपली, तरी उलटली नाही. "वाटते ना, दादा. जरा कंबर भरून आली की जीव उडतो माझा. पण तुझं तोंड बघून बोलायचं कसं?"

प्रल्हाद तिथेच खाली बसला. बराच वेळ आतून फक्त तिचा आवाज येत होता. तो मधूनमधून 'हं' म्हणत होता.

बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते.

"आई, ती पण घाबरते. रोज."

"हं."

"मी उपाय न्यायला आलो होतो. आता माझ्या भीतीवर तिचीही..."

आईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"किडनी न मागता मिळाली होती, प्रल्हाद. तिची ही भीती मात्र तू मागून आणलीस."