हद्दीचे ढेकूळ

वादातल्या जमिनीचे ढेकूळ डोक्यावर घेऊन शपथेवर हद्द चालण्याच्या कथा पुष्कळ आहेत. बहुतेकींत खोटे चालणाऱ्याची गुरे मरतात किंवा वंश बुडतो. काहींत ढेकूळच इतके जड होते की चालणारा जागीच बसतो. प्रस्तुत कथा याच कुळातली असली, तरी हिच्यात विपरीत असे काहीच घडत नाही. कदाचित म्हणूनच ती सांगणारे थोडे. ते मात्र सगळे एकाच प्रश्नापासून सुरुवात करतात.

“मग आता हे नदीत सोडू ना, शाबाबा?”

गावाबाहेरच्या तकियात, म्हणजे म्हाताऱ्या फकिराच्या मठीत, सुभानजी पाटील त्याच्यासमोर ताठ उभा होता. त्याचे बोट कोनाड्यातल्या ढेकळाकडे होते.

रिवाज असा, की हद्द चालून झाल्यावर ढेकूळ तकियात ठेवायचे. वर्षभरात चालणाऱ्याच्या घरावर अरिष्ट आले नाही, तर तो खरा. मग ढेकूळ नदीला द्यायचे आणि वाद मिटला म्हणायचे.

सुभानजीचे वर्ष त्या दिवशी भरले होते. त्याचे घर आणि धाकू कासाराचे घर यांच्यामधला बोळ कोणाचा, एवढाच वाद. सुभानजी धाकूच्या भिंतीला खेटून चालला. बोळ तूर्त त्याच्या ताब्यात आला, आणि त्याने तिथे पुरुषभर उंचीची भिंत घातली.

“गुरं?” फकिराने विचारले.

“धडधाकट.”

“लेकरं?”

“खुशाल. औंदा नातूही झाला.”

“पीक?”

“कणगीत मावत नाही.”

“मग तोंड असं का? म्हैस मेली नाही म्हणून नाराज आहेस?”

सुभानजी हसला नाही.

“बाबा, मी खराच चाललो ना?”

“वर्ष तू मोजलंस. मला काय विचारतोस?”

“नाही… म्हणजे, तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं.”

बाहेर कडुनिंबाखाली शेळी पाला ओरबाडत होती.

“धाकू काय म्हणतो?”

“काही नाही. चाललो त्या दिवशीही काही म्हणाला नाही. लोक म्हणाले, हरकत घे. तो म्हणाला, सुभान्या चाललाय ना, मग झालं.”

“चांगलंय की.”

“चांगलंच आहे.”

सुभानजी ओट्यावर टेकला.

“समोरासमोर खिडक्या होत्या आमच्या. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो रोज पहाटे हाक मारायचा. ‘सुभान्या, जिवंत आहेस का रे?’ मी म्हणायचो, ‘तुला पोचवल्याशिवाय जात नाही!’ मग त्याची भट्टी पेटायची, माझी मोट चालायची…”

“आणि आता?”

“आता जाग येते. पडून राहतो…”

सुभानजीने ओट्यावरची माती बोटाने सारली.

“काल मीच म्हणालो, ‘आहे’. कोणी विचारलं नव्हतं.”

मग फकीर उठला. कोनाड्यातले ढेकूळ त्याने दोन्ही हातांनी उचलले आणि सुभानजीच्या ओंजळीत ठेवले.

“नदीत नको. होतं तिथं ठेवून ये.”

“कुठं?”

“उचललं कुठून होतंस?”

“धाकूच्या खिडकीखालून.”

“मग तिथं.”

“तिथं भिंत आहे, बाबा.”

“कोणाची?”

सुभानजीने ढेकळाकडे पाहिले. वाळलेल्या गवताचे एक मूळ त्यात अजून अडकलेले होते.

त्याने ढेकूळ मांडीवर ठेवले. डोक्यावरचे पागोटे उतरवले. भरसभेत कोणी ते उतरलेले पाहिले नव्हते. ढेकूळ त्यात गुंडाळून त्याने छातीशी धरले आणि उघड्या डोक्याने तो तकियाच्या पायऱ्या भराभर उतरू लागला.

मागून फकीर म्हणाला, “सावकाश, पाटील. वाळलंय ते.”