मातोश्रींना शाबासकी

कंपनीचे मालक डिंगणकर साहेब ऑफिसातल्या बायकांना बिनदिक्कत ‘सेक्सी’ म्हणत. कुणी तोंड वाकडं केलं की वर ऐकवत, “गावंढळपणा सोडा! इंग्रजीत याहून मोठी शाबासकी नाही. पटत नसेल तर नोकरी सोडा.”

नीलाक्षी खांडके हे सारं गिळून संधीची वाट पाहत होती. साहेबांच्या आईच्या पंचाहत्तरीचं सूत्रसंचालन तिच्याकडे आलं, तेव्हा तिने भर मीटिंगमध्ये विचारलं, “सर, मातोश्रींना व्यासपीठावर बोलावताना इंग्रजीतली ती सर्वांत मोठी शाबासकी देऊ ना?”

साहेब लालबुंद झाले. “खबरदार! माझ्या आईला असलं काही म्हणालात तर!”

“मग सर,” नीलाक्षी शांतपणे म्हणाली, “जी शाबासकी आईला चालत नाही, ती रोज आमच्या गळ्यात का मारता?”