फेट्याची घाई

फार जुनी गोष्ट आहे, लांडग्या-कोल्ह्यांना माणसाची बोली कळत असे तेव्हाची. एका माळरानावर धनगर लांब लांब पांगून राहत. तिथल्या म्हाताऱ्या सुताराने मेंढवाड्याच्या दारासाठी एक लाकडी अडसर घडवला आणि म्हणाला, "बघा, शिका, हवा तितका करून घ्या." माळावर दारोदारी तोच अडसर बसला.

अडसरात खोट सापडली, तर ती आधी सुताराच्या कानावर घालायची, अशी रीत होती. सगळी दारं दुरुस्त झाली, की मग जत्रेत खोट शोधणाऱ्याला मानाचा फेटा बांधत.

सिदू नावाच्या तरुण धनगराने एकदा हेरलं, की खालच्या फटीतून काठी घालून वर रेटलं तर अडसर निघतो. तो सुताराकडे गेला.

"चुकलंच माझं," सुतार म्हणाला. "खाली एक खुंटी ठोकली की झालं. मी सगळीकडे सांगावा धाडतो. तोवर तोंडाला कुलूप घाल, पोरा."

"अन् तोवर दुसऱ्यानं शोधलं तर? फेटा त्याला?"

सिदू हुशार होता हो, पण शहाणा नव्हता. त्याने घरी जाऊन आपल्या दाराला खुंटी ठोकली. पण गोष्ट काही पोटात राहीना. बाजारच्या दिवशी पारावर चढून त्याने अडसर कसा निघतो ते साऱ्यांना सांगितलं. लोकांनी वाहवा केली. कुणी तरी आपलाच फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला.

बाजाराच्या कडेला हाडकं चघळत बसलेला कोल्हाही ऐकत होता. तो थेट लांडग्यांकडे गेला आणि सारं सांगून म्हणाला,

"काठी कशाला लागते, दादा? नाकाडानंही जमेल."

सुताराचा सांगावा अजून माळाच्या टोकाला पोचला नव्हता. तिथे सिदूची विधवा बहीण राहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओरड कानोकानी सिदूपर्यंत आली, तसा तो धावत गेला. दार सताड उघडं होतं. आत एकही मेंढरू उभं नव्हतं. आक्का मेलेलं कोकरू मांडीवर घेऊन बसली होती.

तिने त्याच्या फेट्याकडे पाहिलं. "सिदू, तुझ्या दाराला खुंटी ठोकलीस?"

"ठोकली, आक्का."

"मग माझं दार नाही आठवलं रे तुला?"

सिदूने फेटा उतरवला. आक्काने तो घेतला आणि त्यात कोकरू गुंडाळलं. त्या वर्षी जत्रेत फेटा कुणालाच बांधला नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: खोट आधी दुरुस्त करणाऱ्याला सांगावी; त्याआधीच चव्हाट्यावर मांडली, की ती चोराची किल्ली होते.