शेजाराविना घरे

परदेशी शहाणपण आणायला माणसे पाठवायची आणि ती परतली की त्यांच्या गाठोड्यातले सोयीचे तेवढे उचलून बाकीच्याकडे पाठ फिरवायची. राज्यकर्त्यांनो, तुम्ही वर्षानुवर्षे हेच करत आला आहात, आणि वर त्याला धोरण म्हणता.

एकदा एका राजधानीत, बाजाराच्या मागच्या जागेत, बुरूड राहत असत. झोपडीसमोर सुपे-टोपल्या विणायच्या आणि चार पावलांवर नेऊन विकायच्या, यावर त्यांचे पोट चाले. राजाने त्यांना पक्की घरे द्यायचे ठरवले. दूरच्या एका देशात गरीबही उत्तम घरांत राहतात, असे त्याच्या कानावर आले होते. ते पाहून यायला त्याने एका वृद्ध आचार्यांच्या तरुण शिष्याला धाडले.

निघताना ठकूबाई नावाच्या म्हाताऱ्या बुरडिणीने त्याला गाठले. "घर कसलंबी आण रं बाबा, पण बाजारापासनं तोडू नको. माझं गुडघं गेल्यात."

"शब्द देतो, आजी," शिष्य म्हणाला.

तो घराची लाकडी प्रतिकृती घेऊन परतला. सभेने ती डोक्यावर घेतली. शिष्य धावतच आचार्यांकडे आला. "भिंतींची जाडी, खिडक्यांची उंची, सगळे जसेच्या तसे होणार!"

"आणि जागा?"

शिष्याचा आवाज उतरला. "नदीपलीकडे. तेवढे एक अमात्यांनी बदलले."

आचार्य उठले. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन ते थेट अमात्यांच्या हवेलीशेजारच्या मोकळ्या जागेत गेले आणि एक घर आखू लागले. पहारेकरी धावत आला.

"अहो बुवा, काय मांडलंय हे?"

"बुरडांचे घर आखतो आहे."

"इथं? डोकं ठिकाणावर आहे ना?" हसत हसत त्याने खुंट्या उपटल्या आणि बाहेर भिरकावल्या.

शिष्य शरमेने लाल झाला. "आचार्य, हा काय प्रकार?"

"त्या देशात बुरडाच्या शेजारी कोण राहत होते?"

"एका बाजूला न्यायाधीश, दुसऱ्या बाजूला पाठशाळेतले पंडित. घरांवर छप्पर सलग, आणि विहीरही सगळ्यांची एकच."

"हे सभेत सांगितलेस?"

"सांगितले. लोक हसले. अमात्य म्हणाले, तिकडची रीत तिकडे."

"मग तुझे घर त्यांनी घेतलेच नाही. तिथे छप्पर गळले की न्यायाधीशाचेही अंथरूण भिजते, म्हणून ते लगेच शाकारले जाते. विहीर आटली की दरबारात ज्याचे ऐकले जाते, त्याचीही घागर रिकामी राहते. त्या भिंती शेजाराने धरून ठेवल्या आहेत. नदीपलीकडे नुसत्या भिंती जातील. इथे शेजार किती वेळ सहन होतो, तेवढेच मला पाहायचे होते. पहारेकऱ्याला वर जाऊन विचारावेसुद्धा लागले नाही."

"मग आता काय करायचे?"

आचार्य सुतळी गुंडाळत राहिले.

घरे झाली. दिसायला देखणी झाली. बुरडांना तिकडे हलवण्यात आले. नदीवर नाव एकच, टोपल्या घेऊन अलीकडे यावे तोवर बाजार उठू लागे. विणणारे हात हळूहळू थांबले. छपरे गळू लागली आणि तक्रार ऐकायला कोणी येईना. ठकूबाईने नदी पुन्हा ओलांडली नाही. शिष्य भेटायला गेला, तेव्हा तिने त्याला बसायला जागा दिली, पाणी दिले आणि ती नदीकडे तोंड करून बसली.

पुढे या घरांची कीर्ती ऐकून आणखी एका देशाचा तरुण ती पाहायला आला. शिष्यच त्याला दाखवायला गेला. तरुणाने आनंदाने भिंती मोजल्या. शिष्याने त्याला न्यायाधीशाचे सांगितले, विहिरीचे सांगितले, कळवळून सांगितले. तरुणाने नम्रपणे मान डोलावली आणि खिडकीचे माप घ्यायला वळला.

तेवढ्यात काठावरून नावाड्याने हाळी दिली, "आटपा, पाव्हणं! उन्हं कलली की नाव बंद. मग ह्याच घरांत ऱ्हावं लागंल!"