अकरा सोमवार

“पण सर, मी अकरा वेळा अर्ज केलाय. तरी माझा नंबर शेवटचा कसा?”

मगदूम सरांनी चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकानं पुसली, उजेडाकडे धरून पाहिली, परत पुसली.

अश्लेषाला ही सवय ठाऊक होती. गडहिंग्लजच्या शाळेत आठवीला सर तिला मराठी शिकवायचे. तेव्हाही कुणी चुकीचं उत्तर दिलं की आधी चष्मा पुसला जायचा.

आता सर निवृत्त होते आणि घरी बसून ‘वाटाड्या’चं काम बघत होते. वाटाड्या म्हणजे मराठी वेबसाइटींची यादी. तिथं यंत्र काही ठरवत नाही. तुम्ही आपल्या साइटचा पत्ता आणि एका ओळीत माहिती द्यायची; मग कुणीतरी माणूस ती साइट उघडतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि पटली तर यादीत घेतो. मुलांच्या संगोपनाचा विभाग सरांकडे होता. रोज एक साइट, रविवारी दोन.

सुमेध, म्हणजे अश्लेषाचा नवरा, म्हणायचा, गिरणी शेजारी असताना हे जात्यावर दळण चाललंय. पण अंगणवाडीच्या ताई आणि गावातले डॉक्टर आयांना त्याच यादीकडे पाठवायचे, हे त्यालाही माहीत होतं.

अश्लेषाची साइट तिच्या जुईमुळे सुरू झाली होती. जुई दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, बोलेल. शेजारीण म्हणाली, जिभेला मध लाव. मैत्रिणीनं तर जुईच्या वयाच्या आपल्या मुलाचं श्लोक म्हणतानाचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्या दिवशी अश्लेषानं मोबाइल डाळीच्या डब्यात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही.

मग कान तपासून झाले, बोलणं शिकवणाऱ्या मॅडम झाल्या. त्यांनी सांगितलेलं ती घरी रोज करायची आणि केलेलं लिहून ठेवायची. ती वही म्हणजेच ही साइट.

गेल्या महिन्यात ती चौघांनी पाहिली. एक ती स्वतः, एक सुमेध, एक तिची बहीण. चौथं कोण, ते कळलं नाही.

या महिन्याअखेर वाटाड्यात नाव आलं नाही तर साइट बंद करायची, असं तिनं ठरवलं होतं. आपण काही डॉक्टर नाही, आपलं कोण वाचणार… हे ती स्वतःला इतक्या वेळा सांगून चुकली होती, की दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

सरांनी चष्मा घातला.

“दर सोमवारी अर्ज केलायस. सोळा सोमवारांचं व्रत धरलंयस काय?”

“आठवण राहावी म्हणून, सर.”

सरांनी कॉम्प्युटरवर नियमांचं पान उघडलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. अर्ज पुन्हा केला की आधीचा रद्द होतो आणि नंबर रांगेच्या शेवटी जातो, असं तिथं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं.

अश्लेषानं ते दोनदा वाचलं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचणारी बाई आपण, आणि हे वाचलं नाही. दर सोमवारी सकाळी जुईचं दूध तापायच्या आत आपण आपल्याच हातानं स्वतःला मागं ढकलत होतो.

“मग आता काहीच होणार नाही?”

सर खुर्चीवरून उठले. “बस इथं.”

“मी?”

“माझे डोळे दुखतात. आजची साइट तू वाच. रांगेत पहिली आहे ती.”

ती बसली. साइट उघडली आणि तिला हायसं वाटलं, कारण ती भयंकर होती. लाल पानावर पिवळी अक्षरं, फोटो आडवे. आजऱ्याजवळच्या कुठल्याशा वाडीतल्या अंगणवाडी सेविकेनं केलेली, नाव शेवंता सुतार. निदान आपली हिच्यापेक्षा बरी, असं अश्लेषाच्या मनात आलं, आणि तसं आल्याची लाजही वाटली. पण थोडीच.

“ही घेण्यासारखी नाही, सर. डोळ्यांना त्रास होतो.”

“वाचलीस?”

“पाहिली.”

सर आत चहा टाकायला गेले.

अश्लेषा वाचू लागली. मक्याच्या कणसाची बाहुली. करवंटीचा तराजू. मग सुक्या दोडक्याचा खुळखुळा. दोडका वेलावरच वाळू द्यावा, तोडू नये. बिया आतून सुटल्या की आपोआप वाजतो. बाळाच्या मागं बसून आधी उजवीकडं वाजवावा, मग डावीकडं. बाळ वळलं की लगेच बोलू नये. त्याला आधी बोलू द्यावं.

शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचली. जुई वळली की ती लगेच बोलायची. खुळखुळा म्हण, खुळखुळा, म्हण ना राणी… जुईला तोंड उघडायला सवड कधी दिली होती?

सर चहा घेऊन आले तेव्हा ती पर्समधल्या लाइट बिलाच्या पाठीवर हे सगळं उतरवून घेत होती.

“काय लिहितेस?”

“जुईसाठी… आमच्या परसात दोडका आहे.”

“मग आता यादीसाठी लिही. एक ओळ.”

तिनं टाइप केलं: घरच्या वस्तूंची खेळणी आणि ती बाळाशी कशी खेळावीत, फोटोंसह.

सरांनी मान डोलावली. मग तिचा स्वतःचा अर्ज उघडला आणि तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला.

“मातांसाठी सर्वांगीण बालविकासाचं अग्रगण्य व्यासपीठ,” अश्लेषानं वाचलं. शेवटच्या शब्दाला आवाज अगदी खाली गेला.

“निबंधात पहिली यायचीस.”

“हो सर.”

“तरीच. आत काय आहे?”

तिनं सांगितलं. जुई उशिरा बोलायला लागली, त्या काळात रोज तिच्याशी काय बोललो, काय खेळलो, कुठं चुकलो, ते आहे. एवढंच.

“मग एवढंच लिही.”

“पण सर, बदल केला तर नंबर परत शेवटी जाईल.”

“आत्ता कितवा आहे?”

“चौसष्टावा.”

“चौसष्टातला.”

तिला हसू आलं. अकरा सोमवारांत पहिल्यांदाच. तिनं जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली: उशिरा बोलणाऱ्या मुलीच्या आईची रोजची वही. बटण दाबलं. चौसष्टावा तो चौसष्टावाच राहिला.

“तुझ्या वहीत शेवटचं पान कधीचं आहे?” सरांनी विचारलं.

तिला आठवावं लागलं. पहिला अर्ज केला त्याच्या आदल्या दिवसाचं. त्यानंतर ती रोज फक्त नंबर बघत होती.

आणि मधल्या काळात जुई दोन शब्द जोडून बोलली होती. गेल्या गुरुवारी खिडकीत उभी राहून म्हणाली होती, चिऊ गेली. घरभर आनंद झाला, सासूबाईंनी शिरा केला. वहीत मात्र त्याचं एक अक्षर नव्हतं. चौथं जे कोणी होतं, त्याला अजूनही वाटत असेल की ही मुलगी बोललीच नाही.

अश्लेषानं लाइट बिलाची घडी घातली. उठताना तिची नजर शेवंता सुतारच्या अर्जाच्या तारखेवर गेली. बारा फेब्रुवारी.

तिचा पहिला अर्ज तेराचा होता. ती नुसती गप्प राहिली असती, तर उद्या सकाळी सरांनी तिचीच साइट उघडली असती.

“हिनं एकदाच दिला अर्ज?”

“एकदाच.”

“फोन? पत्र?”

“नाही.”

अश्लेषानं लाल पानावरच्या त्या पिवळ्या अक्षरांकडे पाहिलं. सगळ्यात वरच्या खेळण्याखाली कालची तारीख होती.

“इतके दिवस ती थांबली कशी, सर?”

सरांनी चष्मा काढला. पण या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला…

“थांबली कुठं? ती खुळखुळे करत होती.”