खोडीची ओळ

खूप खूप वर्षांपूर्वी, गावांना वेशी होत्या आणि तिन्हीसांजेला त्या वेशींना कड्या लागत, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराळ राज्यात नदीकाठी एक लहानसं गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. कुणाच्या घरी मरण आलं की त्या घरची चूल विझायची, आणि गेलेल्या माणसाचं गाणं झाल्याशिवाय पुन्हा पेटायची नाही.

गाणं करायला एक बाई यायची. तिला सगळे गाणेकरीण म्हणत. ती आल्या आल्या गायची नाही. गेलेलं माणूस घरात जिथं बसायचं तिथं जाऊन बसायची आणि विचारत राहायची. भाकरी कशाशी आवडायची? राग आला की ते भांडी आपटायचं, की गप्प बसायचं? झोपेत कुणाचं नाव घ्यायचं? घरच्यांना विचारून झालं की शेजाऱ्यांना विचारायची. ज्याच्याशी भांडण होतं त्यालाही बोलावून घ्यायची. असं करता करता दुपार टळायची, आणि मग गाणं व्हायचं.

त्या गाण्याला एकच नियम होता. त्यात गेलेल्या माणसाची एक तरी खोड यायलाच हवी. तिला खोडीची ओळ म्हणत. जुनी माणसं सांगत की गुण सगळ्यांचे सारखेच दिसतात, माणूस ओळखू येतं ते त्याच्या खोडीवरून. ती ओळ आली की रडणारी माणसं हसायची, आणि हसता हसताच त्यांना खरं रडू फुटायचं. गाणं एकदाच व्हायचं. एकदा चूल पेटली की त्या माणसाचं दुसरं गाणं करायचं नाही. ते तेवढंच, ऐकणाऱ्यांच्या मनात राहायचं.

लहानथोरांनो, ही गोष्ट त्या गावच्या राही नावाच्या गाणेकरणीची आहे.

राहीचा आवाज ओल्या मातीसारखा होता, जड आणि मऊ. तिचा नवरा म्हादबा तिच्याशेजारी बसून तुणतुण्याची एकच तार छेडायचा. दोघं मिळून घरोघर जायची. दोघांचं भांडणही एकाच गोष्टीवरून व्हायचं. म्हादबा तार नेहमी थोडी उतरवून लावायचा. राहीला उंच सूर आवडे, पण तार खाली असली की तिलाही खाली यावं लागे.

"अहो, कान आहेत की वांगी?" ती म्हणायची. "तार चढवा की जरा."

म्हादबा मान हलवायचा आणि तार तिथंच ठेवायचा.

कुंभारीण गवराबाईची सासू वारली, तेव्हाच्या गाण्याची आठवण गावात पुष्कळ वर्षं निघत असे. सासू फार खाष्ट होती. राही गवराबाईजवळ बसली, चाकाजवळ बसली, अंगणातल्या कुत्र्याकडेही बघत बसली. मग तिनं गाणं केलं. त्यात ओळ होती, "सुनेला शिळी, कुत्र्याला ताजी, अशी गं भाकरी वाटली, तेच कुत्रं आज दाराशी बसलं, सुनेची माया आटली." माणसं खो खो हसली. गवराबाईही हसली, आणि मग अशी रडली की तिला दोघींनी धरावं लागलं. आयुष्यभर जिच्याशी भांडली तिच्यासाठी आपल्याला रडू येईल, हे तिला ठाऊकच नव्हतं.

असे दिवस चालले होते. मग एके दिवशी राजधानीत राणी लीलावती वारली. राहीची ख्याती राजाच्या कानावर होती. राजानं पालखी धाडली.

राही राणीच्या महालात बसली आणि नेहमीसारखी विचारू लागली. सगळे म्हणाले, राणीसाहेब पुण्यवान होत्या, दानशूर होत्या. एक म्हातारी दासी मात्र हळूच म्हणाली की राणीसाहेब सोंगट्या खेळताना लबाडी करायच्या. एखादी सोंगटी मुठीत लपवायच्या आणि पकडल्या गेल्या की लहान मुलीसारख्या खिदळायच्या. राजा तिथंच उभा होता. त्याच्या तोंडावर हसू आलं आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

राहीला ओळ सापडली होती. पण राजाचा कारभारी तिला बाजूला घेऊन गेला. त्यानं समजावलं की बाहेरचे राजे-रजवाडे येणार, त्यांच्यापुढं राणीची लबाडी गायची म्हणजे राज्याची नाचक्की. तुझ्या गावात चालतं ते इथं चालायचं नाही.

म्हादबा म्हणाला, "मग आपण परत जाऊ."

राहीनं त्या महालाकडे पाहिलं. एवढी माणसं तिनं कधी एका जागी पाहिली नव्हती. तिनं ती ओळ काढून टाकली. उरलेल्या गाण्याला तिनं फार गोड चाल लावली. तार आज तरी चढवा असं तिनं नवऱ्याला बजावलं, आणि तो ऐकेना तेव्हा दरबारातल्या सनईवाल्याचा सूर धरला. "गुणांचं भांडार गेलं, मायेचं छत्र गेलं, लीलावतीवाचून हे घर सुनं झालं." सारी सभा डोलली. राजांनी माना हलवल्या. कारभाऱ्यानं राहीला शालू दिला.

निघताना राजा जवळ आला. "सोंगटीचं नाही घेतलंस?" त्यानं विचारलं.

राही खाली बघत राहिली. राजा मागं फिरला.

पण गाणं मात्र राजधानीतून निघालं आणि राज्यभर पसरलं. पाणवठ्यावर बायका ते गुणगुणू लागल्या. बाजारात पोरं त्यावर टाळ्या धरू लागली. आणि ज्याच्या घरी मरण येई तो म्हणू लागला, "आमच्या आईला राणीचं गाणं हवं."

पहिल्यांदा राहीनं नकार दिला. ते राणीचं आहे, मी तुमच्या आईचं करते, असं ती सांगायची. माणसं नाराज व्हायची. आमची आई काय राणीपेक्षा कमी होती, असं विचारायची. शिवाय जुन्या रीतीत दुपार टळायची आणि पोरंबाळं भुकेली राहायची. राणीच्या गाण्याला फक्त नाव बदलायचं होतं. घडीभरात गाणं व्हायचं, घडीभरात चूल पेटायची.

राही नाव बदलू लागली. लीलावतीच्या जागी दुसरं नाव बसलं नाही, तर ती ते ताणायची किंवा दामटून आखूड करायची. हळूहळू तिच्याबरोबर ढोलवाला आला, सनईवाला आला, एकाच रंगाची लुगडी नेसलेल्या पोरी मागं आळवायला आल्या. तुणतुण्याचा आवाज त्यात ऐकूही येईना. म्हादबा मागच्या बैलगाडीत सामानाजवळ बसू लागला, आणि पुढं पुढं घरीच राहू लागला. राही महिनोन् महिने गावोगाव फिरायची. घरी यायची ती आवाजाला आराम द्यायला. त्यामुळं नवऱ्याशीही फारसं बोलायची नाही.

एकदा असाच तिचा मुक्काम घरी होता. दोघं अंगणात बसली होती. म्हादबाला खोकला झाला होता आणि तो हटत नव्हता.

"राही," तो म्हणाला, "माझं गाणं माझं कर हो. ढोल नको. आणि त्या राणीच्या जागेत बसवायला मला ताणू नकोस, मी मुळातच बुटका आहे."

"शुभ बोला की काही," ती म्हणाली. मग थोडं हसून म्हणाली, "आणि तुमचं गाणं कसं व्हायचं? खोडीच्या ओळीला तुमच्यात खोड तर हवी."

म्हादबानं तिच्याकडे पाहिलं. "विसरलीस होय," तो म्हणाला. पण तिनं वचन दिलं. तुमचं गाणं तुमचंच करीन, असं तिनं त्याच्या हातावर हात ठेवून सांगितलं.

पावसाळा सरता सरता राही दूरच्या एका गावी गात असताना निरोप आला. ती पोचली तेव्हा चूल विझलेली होती आणि अंगण माणसांनी भरलं होतं.

राही रीतीप्रमाणे नवऱ्याच्या जागी जाऊन बसली. डोळे मिटले आणि स्वतःलाच विचारू लागली. भाकरी कशाशी आवडायची? तिला आठवेना. ते कधीतरी ठाऊक होतं एवढंच आठवलं. राग आला की काय करायचे? अलीकडे त्यांना राग आलेला तिनं पाहिलाच नव्हता. झोपेत काय बोलायचे? तिची झोप तर परक्या गावांत झाली होती. तिनं शेजाऱ्यांना विचारलं. शेजारी म्हणाले, चांगला माणूस होता हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं आणखी विचारलं. ते पुन्हा म्हणाले, चांगला होता. विचारलं तर नीट सांगायचं, ही सवयच गावाला राहिली नव्हती.

गवराबाई तेवढी एका कोपऱ्यात होती. ती आता खूप म्हातारी झाली होती आणि तिला ऐकू कमी येत होतं. तिनं राहीकडे पाहून बोटांनी तार छेडल्यासारखं केलं. राहीला वाटलं, म्हातारी लवकर गा म्हणते आहे.

दुपार टळली. लांबून आलेल्या पाहुण्यांची मुलं रडू लागली. दीर दाराशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, राणीचंच म्हणा ना," तो म्हणाला. "गोड आहे. सगळ्यांना येतं."

राही आणखी थोडी बसली. तिच्या ओठांवर एकही नवा शब्द येत नव्हता, येत होता तो फक्त तोच ओळखीचा ठेका. शेवटी ती उठली आणि तिनं गाणं धरलं.

त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. राहीनंही लग्न झाल्यापासून ते कधी उच्चारलं नव्हतं. गाणं त्या जागेपाशी आलं. तिनं ते नाव आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं घेतलं, आणि ते जागेत बसेना म्हणून तिला ते ताणावं लागलं. "म्हादबाऽऽवाचून हे घर सुनं झालं." माणसं डोलली. मागं कुणीतरी सवयीनं टाळीवर ठेका धरला. कुणी हसलं नाही, कुणाला रडूही आलं नाही. गाणं संपलं, जावांनी चूल पेटवली, भाकऱ्या थापायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेल्यावर राहीनं झाडायला घेतलं. कोपऱ्यात खुंटीला तुणतुणं टांगलेलं होतं. झाडूचा दांडा लागून तार वाजली.

तार उतरलेली होती, नेहमीसारखीच.

राही उभ्या उभ्या ऐकत राहिली. मग तिनं तुणतुणं खाली काढलं, मांडीवर घेतलं आणि तार पुन्हा छेडली. सुरात सूर मिळवून बघावा म्हणून तिनं तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत तिचा आवाज थकून खाली आला होता. ढोल-सनईच्या गलक्यात ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. तो थकलेला आवाज बरोबर त्या तारेवर येऊन बसला. म्हादबा तार का उतरवायचा, ते तिला आत्ता समजलं. दिवसभर घरोघर गाऊन तिचा गळा फाटू नये म्हणून त्यानं जन्मभर शिव्या खाल्ल्या होत्या. पुढं तो घरी एकटा राहिला तेव्हाही ती येईल म्हणून तार तिथंच लावून ठेवत राहिला होता.

खोडीची ओळ तिला सापडली. ती अशी उभी राहिली की पुढचं सगळं गाणं आपोआप मागं येऊ लागलं. पण चुलीत कालची राख होती. चूल पेटून गेली होती. रीत मोडून गायलं असतं तरी ऐकायला अंगणात कुणी नव्हतं.

राहीनं मग ढोल आणि सनई सोडली. जिथं जिथं तिनं राणीचं गाणं गायलं होतं त्या घरी ती पायी जाऊ लागली. दाराशी बसून विचारायची, तुमची आई कशी होती हो? तिची एखादी खोड सांगा. माणसं आठवायचा प्रयत्न करायची. मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणायची, "चांगली होती. गुणांचं भांडार होती." ज्या घरी जावं तिथं हेच उत्तर. एकेका घरातून एकेक माणूस पुसलं गेलं होतं, आणि पुसणारा हात तिचाच होता.

एकटी गवराबाई तेवढी तिला बघून अजून सासूच्या भाकरीची ओळ म्हणायची, हसायची आणि पदरानं डोळे टिपायची. राही तिच्याजवळ बसून राहायची.

पुढं गवराबाई गेली. मग एके दिवशी राहीही गेली.

तिच्या अंगणात माणसं खूप जमली. आळवणाऱ्या पोरींपैकी एक आता स्वतः गाणेकरीण झाली होती. ती ढोल घेऊन आली. बाहेर गाडी थांबवून ठेवली होती, तिला पुढच्या गावी जायचं होतं. ती राहीच्या जागी बसली नाही. खुंटीला टांगलेल्या तुणतुण्याकडे तिनं पाहिलं नाही. दाराशी उभी राहून तिनं एवढंच विचारलं, "बाईंचं पूर्ण नाव काय म्हणालात?"

कुणीतरी सांगितलं. नाव फारच आखूड होतं. तिनं ते चांगलं लांबवलं, आणि गाणं गोड झालं.

तात्पर्य : जे गाणं कुणाच्याही नावाला चालतं, त्यात कुणाचाच जीव नसतो.